परक्या शहराचे सुख आणि धर्माची हरकत

परदेशी गेलेल्या माणसाने तिथे पैसा कमवावा, नाव कमवावे आणि सणासुदीला गावच्या आठवणीने व्याकूळ व्हावे, या तिन्ही गोष्टींना आपल्याकडे मान आहे. पण त्याला तिथल्या शहराची गोडी लागली, कोपऱ्यावरच्या बेकरीतला ताजा पाव, संध्याकाळची बाग, शुक्रवारचा भाजीबाजार यांत तो रमला, की आपल्या कपाळाला आठी पडते. ‘तिकडचाच झाला’ हे वाक्य कौतुकाने कुणी म्हणत नाही. कष्टासाठी परदेश चालतो, कर्तव्यासाठी चालतो, मुलांच्या शिक्षणासाठी तर चालतोच. सुखासाठी मात्र चालत नाही. या नापसंतीत नुसता गावाभिमान नाही, एक जुनी धार्मिक समजूतही आहे. माणसाची माती, त्याचे दैवत आणि त्याचा आचार एका जागी बांधलेले असतात, आणि दुसऱ्या जागेच्या सुखाने या गाठी सैल होतात, अशी ती समजूत. बौधायन धर्मसूत्राने समुद्रप्रवास पातित्य आणणाऱ्या कृत्यांत धरला. बंदी कधीच मोडली, तिच्यामागची धास्ती तेवढी शिल्लक राहिली. माझे म्हणणे नेमके उलट आहे. नव्या जागेतली रोजची, किरकोळ सुखे मनापासून घेतल्याशिवाय धर्म तिथे मूळ धरत नाही. तो सामानात बांधून आणलेला तसाच पडून राहतो. हे पटवायला लांब जायचे कारण नाही. धरमतरच्या खाडीकाठी याचा पुरावा आहे, आणि तो एकदा नव्हे, दोनदा घडलेला आहे.

धरमतर ही मुंबईहून कोकणात उतरण्याची जुनी बंदरवाट. खाडीच्या एका अंगाला पेणचा खारेपाट, दुसऱ्या अंगाला अलिबाग, खाली दक्षिणेला कुंडलिकेच्या काठावर रोहा आणि नदीपलीकडे अष्टमी. या पट्ट्यातल्या गावांची नावे आज इस्रायलमधल्या घरांच्या दारांवर वाचायला मिळतात: पेणकर, रोहेकर, अष्टमकर, वाकरुळकर, किहीमकर, नवगावकर. ही बेने इस्रायलांची, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांची, आडनावे. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटून आले. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. हे केव्हा घडले याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, आणि आपल्या मुद्द्याला त्याची गरजही नाही. मुद्दा हा की ज्यांचे ग्रंथ पाण्यात गेले असे ते सांगतात, ती माणसे खारेपाटात राहिली, तेलाचे घाणे चालवू लागली, मराठी बोलू लागली, आणि तरी शनिवारी घाणा जुंपेनात. गाव त्यांना शनवार तेली म्हणू लागले. सुंता, शनिवार, वर्ज्य मासे आणि ‘शमा’ ही एक प्रार्थना एवढ्या थोड्या पुंजीवर शेकडो वर्षे निघाली. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत कोचीनच्या यहुदी शिक्षकांकडून त्यांना बाकीचा आचार समजला, मुंबईत 1796 मध्ये त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर उभे राहिले, पुढे पेण, अलिबाग, रेवदंड्यातही झाली. दरम्यानच्या त्या लांबलचक काळात धर्म टिकला कशाच्या आधारावर? ग्रंथ नव्हते, रब्बी नव्हते. होते ते खाडीकाठचे रोजचे जगणे.

मलिद्याचे ताट जवळून पाहिले म्हणजे हे कळते. मन्नत फेडताना, लग्नाआधी, घरातल्या शुभकार्याला बेने इस्रायल एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलियाहू संदेष्ट्याच्या, नावाने मलिदा करतात. पोहे धुऊन निथळत ठेवायचे, त्यात खवलेला ओला नारळ, साखर, वेलची, बदाम-पिस्त्याचे काप घालून हलक्या हाताने कालवायचे, ताटात त्याची रास करायची आणि भोवती फळे मांडायची: केळी, खजूर, हंगामात मिळतील ती आणखी. शेजारी सुवासाची एखादी डहाळी. मग प्रत्येकावर वेगळा आशीर्वाद म्हटला जातो. खजूर झाडाचे फळ, म्हणून त्याचा एक, केळे मात्र यहुदी धर्मशास्त्राच्या हिशेबी जमिनीचे फळ, कारण त्याचा बुंधा दरवर्षी नवा उगवतो, म्हणून त्याचा दुसरा, वासाचा तिसरा. (केळीचे वर्गीकरण करणारे शास्त्र नीरस असेल यावर माझा विश्वास बसत नाही.) या ताटातले पोहे कुठून आले? बायबलमधून खचित नाही. ते पेण-रोह्याच्या भातातून आले. या दोन्ही गावांचे पोहे आजही नावाजलेले आहेत. किनाऱ्यावर लागलेल्या परक्या माणसांना इथले जे आवडले, जे जिभेला गोड लागले, तेच त्यांनी देवापुढे ठेवले. पुढे याच किनाऱ्यावर त्यांना संदेष्ट्याच्या पाऊलखुणाही दिसल्या: अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावरच्या खुणा एलियाहूच्या घोड्याच्या टापांच्या आहेत, तिथूनच तो स्वर्गात गेला, अशी त्यांची श्रद्धा आहे. म्हणजे क्रम असा दिसतो की आधी पोहे आवडले, मग खडक पवित्र झाला.

यावर कुणी म्हणेल, ही लोकाचाराची गंमत झाली, शास्त्र काय म्हणते ते सांगा. शास्त्र याहून मोकळे आहे. बाबिलोनमध्ये हद्दपार झालेल्या यहुद्यांना यिर्मया संदेष्ट्याने जेरुसलेमहून पत्र पाठवले. त्याच्या ग्रंथाच्या एकोणतिसाव्या अध्यायात ते आहे. घरे बांधा आणि त्यांत राहा, बागा लावा आणि त्यांची फळे खा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हांला नेले त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण तुमचे भले त्याच्या भल्यात आहे, असा त्याचा आशय. बागा लावा एवढ्यावर तो थांबत नाही, फळे खा असेही सांगतो, हे विसरू नये. आणि हे नगर म्हणजे त्यांचे मंदिर पुढे ज्याने जाळले त्या शत्रूची राजधानी. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा लोकांना सांगत होता की दोन वर्षांत सगळे परत येणार. तो खोटा ठरला. दोन वर्षांत परत येण्याची ही भाषा न्यू जर्सीपासून मेलबर्नपर्यंतच्या मराठी घरांना ओळखीची वाटेल. त्या वायद्यावर पडदे न लावलेली घरे आणि न उघडलेली खोकी वर्षानुवर्षे तशीच राहतात. यिर्मयाच्या लेखी हे धर्मनिष्ठेचे लक्षण नव्हते. तालमूद या यहुदी धर्मग्रंथात तर पंडिताने कोणत्या गावात राहू नये याची यादीच आहे. न्यायसभा, दानपेटी, प्रार्थनास्थळ, स्नानगृह, वैद्य, मुलांचा शिक्षक अशा दहा गोष्टी हव्यात, असे सांगून झाल्यावर रब्बी अकिवाचे मत जोडले आहे: तऱ्हेतऱ्हेची फळेही हवीत, कारण फळांनी डोळ्यांना तेज येते. चाणक्यानेही अशी यादी केली आहे. धनिक, श्रोत्रिय, राजा, नदी आणि वैद्य नसेल तिथे दिवसभरही राहू नये, असे तो सांगतो. यादी शहाणी आहे, पण तिच्यात फळवाला नाही. जेरुसलेमच्या तालमूदमध्ये याच्याही पुढचे वचन आहे: डोळ्यांनी पाहिलेल्या आणि तरी न चाखलेल्या चांगल्या गोष्टींचा माणसाला एक दिवस जाब द्यावा लागेल. हे ऐकून एक रब्बी म्हणे पैपैसा बाजूला टाकी, हंगामातले प्रत्येक नवे फळ वर्षातून एकदा चाखता यावे म्हणून.

आता खरी अडचण. बेने इस्रायल 1948 नंतर इस्रायलला गेले, तेव्हा ते परदेशी गेले नव्हते, मायदेशी परतले होते, असा आक्षेप येईल. मग त्यांचे उदाहरण परक्या शहरात रुजण्याला कसे लागू पडते? मला तर हीच सगळ्यांत कडक कसोटी वाटते. श्रद्धेने पवित्र ठरलेली भूमी आपोआप घर होत असती, तर ती त्यांना पहिल्या दिवसापासून घर वाटायला हवी होती. तसे झाले नाही. नेगेव वाळवंटाच्या तोंडाशी बीरशेबात आणि इतरत्र त्यांना वसवले गेले. पेणला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, बीरशेबात दोनशे. काटकसरीचे दिवस, शिधापत्रिका, न येणारी भाषा. त्या काळच्या तक्रारींत पावाच्या रंगाचाही उल्लेख आढळतो: गोऱ्यांना पांढरा पाव, आम्हांला काळा. 1951-52 मध्ये त्यांच्यातल्या एका गटाने तेल अवीवमध्ये धरणे धरले आणि मागणी केली की आम्हांला भारतात परत पाठवा. शंभरावर माणसे खरोखरच परत आली. पिढ्यान्‌पिढ्या ज्या दिशेला तोंड करून प्रार्थना केली, तिथे पोचल्यावर लोक खाडीकाठाकडे तोंड करून बसले! पवित्र भूमी होती, प्रार्थना होती, शनिवारी सारे शहर बंद राही. नव्हता तो बेकरीच्या खिडकीपाशी सन्मानाने मिळणारा पाव. विशेष म्हणजे परतलेल्यांपैकी बरेच जण पुढे पुन्हा इस्रायललाच गेले. दरम्यान तिथली जमीन अधिक पवित्र झाली नव्हती.

पाव हा वरवर क्षुल्लक मुद्दा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. रोजच्या सुखाबद्दल लिहिणाऱ्यावर हमखास येणारा आरोप असा की ही पोटभरल्यांची चैन आहे. ज्याला कामावर टोमणे खावे लागतात, ज्याला घर भाड्याने मिळत नाही, त्याला बागेतले फिरणे काय सांगता? आरोप योग्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष योग्य नाही. काळ्या पावाची तक्रार करणारा माणूस सुख क्षुल्लक आहे असे म्हणत नव्हता. या गावातले सुख माझेही आहे, ते मला नाकारू नका, असे म्हणत होता. हक्काची भाषा तो सुखाच्या भाषेत बोलत होता, कारण माणूस शहराचा झाला की नाही याची परीक्षा दुकानाच्या फळीवर रोज होते, कायद्याच्या पुस्तकात कधीमधी. पुढे दुसरी परीक्षा आली. 1962 मध्ये मुख्य रब्बींनी निर्देश काढला की बेने इस्रायलांच्या लग्नांत त्यांच्या मातृवंशाची चौकशी करावी, त्यांचे यहुदीपण तपासावे. लोक रस्त्यावर उतरले, 1964 मध्ये जेरुसलेमला धरणे झाले, आणि त्या वर्षी ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने ठराव केला की बेने इस्रायल सर्वार्थाने यहुदी आहेत. यात अस्वस्थ करणारी एक गोष्ट आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. कोकणात असताना याच समाजात गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद होता. मिश्र विवाहाची संतती म्हणून काळ्यांशी रोटीबेटीचा व्यवहार टाळला जाई. खाडीकाठाहून त्यांनी पोहे घेतले तशी जातही घेतली. नव्या गावाच्या चालीरीतींत रमण्याची ही किंमत आहे: चांगले तेवढे घ्यायचे म्हटले तरी वाईट सोबत येते. म्हणून सुख घेताना निवड करावी लागते. पण ज्याने काहीच घेतले नाही त्याला निवडायलाही काही उरत नाही.

विरागी माणसाचा आक्षेप वेगळा, आणि तो याच मातीतला आहे. विनोबांचा जन्म 1895 चा, पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. 1916 मध्ये इंटरच्या परीक्षेला म्हणून मुंबईच्या गाडीत बसलेला हा मुलगा सुरतेला उतरला आणि काशीला निघून गेला. आश्रमाच्या एकादश व्रतांत अस्वाद हे एक व्रत आहे, आणि विनोबांनी ते अक्षरशः पाळले. 1951 पासून तेरा वर्षे ते देशभर चालत राहिले, आज या गावी तर उद्या पुढच्या. त्यांच्या दृष्टीने कोणत्याही एका शहराच्या चवीत गुंतणे ही स्थानाची आसक्तीच. जुनी सुटली तर नवी कशाला जोडायची? ‘जय जगत्’ म्हणणाऱ्याला सगळी गावे सारखी. या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, अर्धे आहे. संन्याशाला रस्ता घर असतो, गृहस्थाला नसतो. सगळ्यांनी विनोबा व्हावे असे खुद्द विनोबाही म्हणाले नसते. शिवाय ज्या ईशावास्यावर त्यांनी वृत्ती लिहिली, त्या उपनिषदाचा पहिलाच मंत्र भोगाला नकार देत नाही. सारे ईश्वराचे आहे हे जाणून, मालकी सोडून भोगावे असे सांगतो. परक्या शहरात तर ही वृत्ती सहज साधते. आपल्या गावची बाग आपल्याला हक्काची वाटते. दुसऱ्याच्या शहरातली बाग कुणीतरी आधी लावलेली असते, तिच्या बाकावर आपण पाहुणे म्हणून बसतो, आणि पाहुण्याला कृतज्ञता शिकवावी लागत नाही. भूदानात विनोबा तरी काय करत? नव्या गावात शिरायचे आणि सहावा हिस्सा मागायचा. गावाकडून काहीच न घेता पुढे जाणे ही त्यांची रीत नव्हती.

विस्मरणाची भीती उरते. पोट भरले की माणूस देवाला आणि गावाला विसरतो. ही भीती फार जुनी; बायबलातल्या ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात ती स्पष्ट घातली आहे: खाऊन तृप्त झालात, चांगली घरे बांधलीत, की मन उन्मत्त होईल आणि तुम्ही विसराल. पण त्याच अध्यायात, त्याच्या जरा आधी, खाऊन तृप्त झाल्यावर आभार मान अशी आज्ञा आहे, आणि यहुदी घरांत जेवणानंतर म्हणायची प्रार्थना तिच्यावरूनच आली. म्हणजे धोका ओळखूनही शास्त्राने उपास सांगितला नाही. जेवा, आणि जेवल्यावर दोन शब्द बोला असे सांगितले. आपल्याकडची पूजाही याच वाटेने जाते. कलशातल्या पाण्यात गंगा, यमुना, गोदावरी यांना बोलावतात. सिडनीच्या नळाचे पाणी असले तरी बोलावतात, आणि ते चालते. संकल्पात आपण कोणत्या देशी, कोणत्या नदीच्या कुठल्या तीरावर बसलो आहोत ते उच्चारावे लागते. अमेरिकेत काही पुरोहित त्या जागी क्रौंचद्वीप म्हणतात. भूगोल कच्चा असेल, पण पत्ता बदलला आहे हे देवापासून लपवायचे नाही, ही त्यामागची सचोटी मला आवडते. पेणहून दरवर्षी गणपती जहाजाने परदेशी जातात आणि तिथल्या घरांत त्यांची प्राणप्रतिष्ठा होते. मूर्ती पेणची, प्राण मात्र ज्या शहरात बसवली त्या शहरातच येतात.

यहुदी परंपरेत याच प्रश्नावर एक निवाडा आहे आणि तो मला या सगळ्या वादातला सर्वांत समजूतदार वाटतो. त्यांच्या नित्यप्रार्थनेत पाऊस मागण्याचा हंगाम ठरलेला आहे, हिवाळ्याचा. कारण त्यांच्या मूळ भूमीत पाऊस तेव्हा पडतो. निनवेच्या लोकांनी रब्बी यहूदांना विचारून पाठवले: आम्हांला उन्हाळ्यातही पाऊस लागतो, आम्ही काय करावे? उत्तर आले की सार्वजनिक प्रार्थनेचा क्रम बदलू नका. वैयक्तिक मागण्यांची जी जागा प्रार्थनेत आहे, तिथे मागा. खारेपाटाला हा निवाडा किती चपखल बसतो पाहा. दिवाळीनंतर भात कापून खळ्यावर आलेले, शेतात वाल पेरलेले, अशा वेळी पेणला पाऊस मागणे म्हणजे स्वतःच्या धान्यावर पाणी ओतणे. बारा महिन्यांच्या प्रार्थनेचे वेळापत्रक दुसऱ्या देशाचे, आणि शेजाऱ्याचे भात इथले. निवाड्यात दोघांनाही जागा आहे. मोठ्या प्रार्थनेत आठवण राहते. छोट्या, खासगी मागणीत आज राहतो त्या गावची गरज येते. परक्या शहरात रुजणाऱ्याने मूळ आचार बदलावा असे मी म्हणत नाही. त्याने आपली खासगी मागणी मात्र त्या शहराच्या हवामानाप्रमाणे करावी. त्या हवामानात काय आनंदाचे आहे हे कळल्याशिवाय ती करता येणार नाही.

दिमोना, अश्दोद, लोद, रामले या गावांतले बेने इस्रायल आज या दोन्ही गोष्टी करताना दिसतात. शुक्रवारी दुपारी, शब्बाथ लागून बस थांबण्याआधी, बाजारात एकच झुंबड उडते. त्या गर्दीत पेणकर-रोहेकरांची नातवंडे पिशव्या भरत असतात, आणि त्यांतल्या काही पिशव्यांत फलाफलबरोबर पाणीपुरीच्या पुऱ्याही असतात. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी तिथे चालवले. आणि मलिदा होतोच, खंडाळ्याच्या खडकापासून चार हजार किलोमीटरवर. त्या ताटात मात्र एक उलटापालट झाली आहे. पेणमध्ये पोहे घरचे होते आणि खजूर अरबी समुद्रापलीकडून बाजारात येई. दिमोनात खजूर जवळच्याच खोऱ्यात पिकतो, केळीही त्या देशात होतात. पोहे तेवढे अजून भारतातून पाकिटात येतात.